सर्टिफिकेट मिळालं, आता हँडबॉल बंद

डेन्मार्कनं पुरुषांचा हँडबॉल वर्ल्ड कप २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ असा लागोपाठ चारदा मारला, शेवटचा ऑस्लोला क्रोएशियाला ३२-२६ हरवून, आणि मधे २०२४ ला ऑलिंपिक गोल्डही घेतलं, फायनलमधे जर्मनीला ३९-२६. हे मराठवाड्यात कुणाला माहीत असायचं काही कारण नाही आणि नसलं तर त्यात लाजायचंही काही नाही. पण ज्यांना माहीत असतं, म्हणजे पीटीचे सर लोक, कॉलेजात हँडबॉल खेळलेले आमच्यासारखे दोनचार जण, त्यांच्यात विषय निघाला की गाडी दर वेळी एकाच जागी जाऊन थांबते, की एवढा मोठा देश आपला आणि वर्ल्ड कपला जायला धड सात पोरं (मैदानात एका टीमची तेवढीच असतात) मिळंनात का? भारताची पुरुषांची टीम वर्ल्ड कपला आजपर्यंत एकदाही गेलेली नाही हे खरंच आहे. पण मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सात काय, सातशे पोरं मिळतील. उदगीर, सेलू, माजलगाव, कळमनुरी कुठंही जाऊन बघा, उंच आहेत, लांब हाताची आहेत, दगड मारून चिंचा पाडून पाडून खांदा तयार असलेली आहेत. त्यांच्याकडं फक्त एक गोष्ट नाही, पुढच्या रविवारची मॅच.

लोकसंख्येचं तर बोलूच नये कुणी. आइसलँडनं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला सिल्व्हर घेतलं, फायनल फ्रान्सकडून हरले पण सेमीफायनलला स्पेनला घरी पाठवलं, आणि तेव्हा त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या होती सव्वातीन लाखाच्या आतच. २०११ च्या जनगणनेत एकटं परभणी शहर तीन लाखाच्या वर आहे आणि लातूर शहर पावणेचार लाखाच्या वर. त्याच्याही पुढं फॅरो आयलंड्स घ्या, समुद्रातली बेटं, माणसं सगळी मिळून पन्नास-पंचावन्न हजार, म्हणजे आपलं अंबाजोगाई त्यापेक्षा मोठं आहे. ते २०२४ च्या युरोपियन चॅम्पियनशिपला क्वालिफाय झाले आणि तिथं नॉर्वेसारख्या टीमला २६-२६ बरोबरीत धरलं, त्यांचा एक प्लेमेकर जर्मनीत कीलच्या टीमकडून खेळतो, कील म्हणजे या खेळातलं फार मोठं घर. आता अंबाजोगाईच्या पोरात आणि त्या बेटावरच्या पोरात रक्ताचा काही फरक आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यानं सिद्ध करावं. पैशाचा फरक आहे, तो मान्य, त्याच्यावर पुढं येतो. पण पैसा तर सौदी, कुवेतकडंही आहे आणि त्यांना अजून एकही वर्ल्ड कप मेडल नाही.

डेन्मार्कचं गुपित बघायचं तर त्यांच्या फायनल बघू नका, जीओजी नावाचा क्लब बघा. फ्यून नावाच्या बेटावर गुडमे, ऊरे आणि गुडबियर्ग अशी तीन खेडी आहेत, त्या तिघांच्या पहिल्या अक्षरावरून क्लबचं नाव. तीन खेडी, आपल्याकडच्या भाषेत एक गट ग्रामपंचायत म्हणा. मिकेल हान्सन, जो तीनदा जगातला बेस्ट प्लेयर ठरला, तो ह्या क्लबातून वर गेला, गोलकीपर निकलास लँडिनही इथं खेळला, आणि आत्ताचा सगळ्यात भारी समजला जाणारा माथियास गिडसेल जर्मनीत बर्लिनला जायच्या आधी इथंच खेळायचा. हा क्लब काय सोन्याच्या पायावर उभा नव्हता, २०१० ला दिवाळं निघालं, खालच्या डिव्हिजनला गेला, तिथून परत वर आला. कसा आला, तर खाली पोरं खेळतच होती, मॅनेजमेंट बुडाली तरी गावातल्या चौदा वर्षाखालच्या टीमची शनिवारची मॅच काही बुडली नाही. वर्ल्ड कप हा त्यांच्याकडं वर्षभर चालणाऱ्या आठवडी मॅचांचा शेंडा आहे. आपल्याकडं बुंधाच नाही आणि आपण शेंड्यावर कोण चढणार याची चर्चा करतो.

आपल्याकडं काय आहे ते सरळ सांगतो, म्हणजे बाहेरच्यांनाही कळेल. शाळा सुरू झाली की क्रीडा अधिकारी कार्यालयाचं पत्रक येतं, अमुक तारखेला जिल्हास्तर शालेय हँडबॉल, वयोगट १४, १७, १९. सर घाईघाईनं पोरं गोळा करतात, त्यातली अर्धी कबड्डीची, दोघं थ्रोबॉलची, एक जण नुसता उंच आहे म्हणून गोलमधे उभा. चार दिवस प्रॅक्टिस. मग सकाळची एसटी धरून जिल्ह्याला जायचं, ड्रॉ निघतो, नॉक-आउट. हरलात की ट्रॅकसूट घालून परत एसटी. आता हिशोब करा, सोळा टीम आल्या तर नॉक-आउटमधे एकूण मॅच होतात पंधरा, आणि त्यातल्या आठ टीम म्हणजे बरोबर निम्म्या, एक मॅच खेळून घरी. वेळ वाचवायला हाफ छोटे केलेले असतात, टीममधे बारा-चौदा जण, म्हणजे जो पोरगा सब म्हणून बसला त्याच्या वाट्याला वर्षाला कदाचित पाच मिनिटं हँडबॉल येतो. जी टीम जिंकते ती चार मॅच खेळते, मग विभागाला दोन, राज्याला गेली तर अजून दोन-तीन. जिल्ह्यातली सगळ्यात भारी टीम अख्ख्या वर्षात दहा मॅचच्या पुढं जात नाही बहुतेक, आणि खालची एक. ही एक मॅच हरलेली टीम म्हणजेच आपला खेळाडू वर्ग आहे हो, ज्याला सगळ्यात जास्त खेळायची गरज आहे त्यालाच आपण सकाळी अकराला मोकळं करतो. आणि काही जिल्ह्यांत काही गटांत याच्याही पुढची मजा असते, टीमच दोन-तीन येतात, एक मॅच जिंकली की जिल्हा चॅम्पियन.

मग पोरं हँडबॉल खेळतात तरी का? सर्टिफिकेटसाठी. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, उगाच कुणी तसं घेऊ नये. दहावी-बारावीला ग्रेस मार्क, पुढं सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, कोणत्या लेव्हलला कितवा नंबर यावर कोणत्या गटाची नोकरी हे ठरलेलं. दीड एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या पोराला पाच टक्क्यातली एक जागा म्हणजे काय असतं हे पुण्यात बसून खेळभावनेवर भाषण देणाऱ्याला कळायचं नाही. कबड्डीत, ॲथलेटिक्समधे गर्दी आहे, हँडबॉलमधे कमी, म्हणून हुशार सर पोरांना इकडं वळवतात, यात वाईट काहीही नाही. डेन्मार्कमधला पोरगाही पगार मिळतो म्हणूनच जर्मनीला जातो ना, का जर्मन जेवण आवडतं म्हणून जातो. वाईट हे आहे की आपण सर्टिफिकेट खेळाच्या शेवटी ठेवलंय आणि खेळच इतका छोटा केलाय की सुरू झाला की लगेच शेवट येतो. पोराला तीन दिवसांच्या स्पर्धेत कागद मिळाला की त्याचं काम झालं, पुढं खेळून त्याला काय मिळणार? उलट पाय मोडला तर भरती गेली.

एकोणीस वर्षं पूर्ण झाली की शालेय स्पर्धा बंद. कॉलेजला गेला तर विद्यापीठाची टीम, सिलेक्शन झालं तर इंटर-युनिव्हर्सिटी, तिथं दोन मॅच. आणि मग मैदानावर दिसतो तो पोलीस भरतीच्या तयारीत, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा बाकी भारी टाकतात हँडबॉलची पोरं, खांदा तिथंच कामाला येतो. आता फ्रान्सचा खेळाडू निकोला काराबातिच घ्या, बाप हँडबॉलचा गोलकीपर, युगोस्लाव्हियातून फ्रान्सला आलेला, पोरगा माँपेलियेला सुरू झाला, मग कील, बार्सिलोना, पॅरिस असं करत करत तीन ऑलिंपिक गोल्ड आणि चार वर्ल्ड कप घेऊन २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या क्वार्टर फायनलला जर्मनीकडून एका गोलनं हरून थांबला, तेव्हा वय चाळीस. आमचा पोरगा एकविसाव्या वर्षी रिटायर. मधल्या एकोणीस वर्षांत हँडबॉलचा खेळाडू तयार होतो असं जगभराचा अनुभव सांगतो, बॅककोर्टचा प्लेयर, म्हणजे मधून गेम चालवणारा, तो पंचविशीच्या पुढंच पिकतो, गोलकीपर तर तिशीनंतरही सुधारत असतात. आपण पिकायच्या आधीच झाडावरून उतरवतो आणि म्हणतो इथल्या मातीत येत नाही.

बोगस सर्टिफिकेटचा विषय टाळून चालणार नाही कारण त्यानं खरोखर खेळणाऱ्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. राज्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं उघड झाली, गुन्हे दाखल झाले, पडताळणी कडक झाली. आता खरा खेळाडूही पडताळणीसाठी कागद घेऊन हेलपाटे मारतो, आणि समोरचा त्याच्याकडं चोर असल्यासारखं बघतो. यावर उपाय म्हणून अजून एक फॉर्म, अजून एक सही, ऑनलाइन नोंदणी, असं चाललंय, चालू द्या. पण मुळात घोटाळा सोपा का होतो? कारण सगळा पुरावा एका कागदावर आहे, एका स्पर्धेचा, जी कुठंतरी तीन दिवस झाली आणि जी बघायला कुणी नव्हतं. तेच जर पोरानं सीझनभर चौदा मॅच खेळल्या असतील, चौदा स्कोअरशीट असतील, समोरच्या सात टीमच्या शंभर पोरांनी त्याला खेळताना पाहिलं असेल, गावातल्या कट्ट्यावर त्याच्या मिस केलेल्या सात मीटरवर, म्हणजे हँडबॉलच्या पेनल्टीवर, चेष्टा झाली असेल, तर ते खोटं करायला किती माणसं विकत घ्यावी लागतील? चोर तिथंही प्रयत्न करणार, माहीत आहे मला. पण भाव वाढेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सर्टिफिकेट आणि आरक्षण काढू नका, ते नंबरावर देण्याऐवजी आधी मॅचवर द्या. एका सीझनमधे ठरलेल्या इतक्या मॅच, समजा दहा, खेळल्याशिवाय कुठल्याही लेव्हलचं सर्टिफिकेट ग्राह्य नाही, आणि त्या मॅच मिळाव्यात म्हणून नॉक-आउटच्या जागी लीग. हे काही मी फार मोठं शोधून काढलं असं नाही, आपल्याच लातूरनं हे अभ्यासात करून दाखवलंय. लातूर पॅटर्न म्हणजे शेवटी काय होतं? पोरगं हुशार आहे का हे वर्षाच्या शेवटी एकदा बघत बसायचं नाही, दर आठवड्याला टेस्ट घ्यायची, चुकलेलं परत सोडवून घ्यायचं, परत टेस्ट. खेडेगावातली पोरं डॉक्टर झाली ती मेंदू बदलून नाही झाली. खेळात मात्र आपण वर्षाला एक परीक्षा घेतो आणि तीही पहिला प्रश्न चुकला की पेपर काढून घेतो.

लीग म्हटलं की लोक लगेच आयपीएलसारखं लायटिंग आणि डीजे डोळ्यासमोर आणतात. मी म्हणतोय ती लीग अशी, आठ टीम, प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येक टीमला चौदा मॅच, एकूण छप्पन्न. आठही टीम एका रविवारी एकाच गावात जमल्या आणि प्रत्येकीनं दिवसात दोन मॅच खेळल्या तर दिवसाला आठ मॅच, वीस-वीस मिनिटांचे हाफ धरून एका मैदानावर सकाळी आठला सुरू केलं की दुपारी तीन-साडेतीनला संपतं. सात रविवारात सीझन पूर्ण. दिवाळी झाली की सुरू, परीक्षेच्या आधी बंद, दर वेळी वेगळं गाव. पंच कोण, तर ह्याच खेळातून बाहेर पडलेली आणि आता एमपीएससी करत बसलेली पोरं, त्यांना दिवसाचा भत्ता द्या, ते खुशीनं येतील. खर्च म्हणजे एसटीचं तिकीट, दुपारचं जेवण, चार बॉल आणि पंचांचा भत्ता. आत्ता राज्य स्पर्धेच्या उद्घाटनाला जेवढं फ्लेक्स, फेटे, शाल-नारळ आणि मांडवावर जातं त्यातून काय काय होईल याचा हिशोब ज्यांच्याकडं बिलं असतात त्यांनी करावा.

मैदानाचं मात्र खरंच दुखणं आहे. हँडबॉलचं कोर्ट ४० बाय २० मीटर, म्हणजे ८०० चौरस मीटर, आपल्या मापात आठ गुंठे. आठ गुंठे सपाट जागा कुठल्याही झेडपीच्या शाळेकडं निघते. पण हा खेळ जगात लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरवर, छताखाली खेळतात आणि आपण मुरमावर नाहीतर काळ्या मातीवर, जी पावसात पायाला धरते आणि मार्चमधे भेगाळते. शालेय स्पर्धा बरोबर पावसाळ्यात असतात हाही एक विनोदच. विंगचा प्लेयर कोपऱ्यातून हवेत उडी मारून डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या भागाच्या, आत झेप घेत शॉट मारतो, टीव्हीवर बघायला भारी वाटतं, मुरमावर ती झेप एकदा घेतली की कोपर आणि कंबर सोलून निघते, दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. म्हणून आपली विंग झेपच शिकत नाही. गोलकीपर खाली पडत नाही, पाय पसरत नाही. तिकडं बॉलला धरायला हातावर राळ लावतात, त्यावर एका हातात बॉल धरून वाट्टेल ते करतात, आपल्याकडं राळ लावली तर दोन मिनिटात त्या बॉलला अर्धं मैदान चिकटून येईल. याला उत्तर मोठमोठी विभागीय संकुलं बांधणं हे नाही, ती संभाजीनगरला आहेत आणि मानवतच्या पोराला त्याचा उपयोग शून्य. तालुक्याला एक साधं पत्र्याचं शेड, खाली गुळगुळीत पण घसरणार नाही असा फ्लोअर, ज्यात हँडबॉल, खो-खो, बॅडमिंटन, लग्नसराईत वाटलं तर लग्न पण. लग्न म्हटल्यावर आमदार निधी लवकर मिळतो, हसू नका.

वरच्या बाजूनं प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०२३ च्या जूनमधे प्रीमियर हँडबॉल लीग झाली, सहा टीम, टीव्हीवर लाइव्ह, आणि महाराष्ट्र आयर्नमेन पहिल्याच सीझनला चॅम्पियन. आनंदच झाला. पण अख्खी लीग जयपूरला एका स्टेडियममधे, महाराष्ट्राच्या नावाच्या टीमची एकही मॅच महाराष्ट्रात नाही, आणि पुढच्या वर्षी लीग भरलीच नाही. फेडरेशनच्या दोन गटांची भांडणं वेगळीच. लोक म्हणतात प्रो कबड्डी चालली मग ही का नाही चालली. अहो प्रो कबड्डी २०१४ ला आली तेव्हा खाली गावोगाव जत्रेतली कबड्डी, शिवजयंतीची कबड्डी, ऑफिसांच्या टीमा असं सगळं आधीपासून होतं, टीव्हीनं त्याच्यावर फक्त लाइट मारला. हँडबॉलखाली काय होतं? सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलात आणि रेल्वेत नोकरीला असलेली पोरं आणि बाकी मोकळं रान. पैसेवाला माणूस वरून आला की काय होतं हे डेन्मार्कनंही बघितलंय, कोपनहेगनला एका ज्वेलरीच्या धंद्यातल्या श्रीमंतानं एजी कोबेनहाउन नावाची टीम उभी केली, मिकेल हान्सनपासून सगळे घेतले, २०११ आणि २०१२ ला लीग जिंकली, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनल फोरला गेली आणि त्याच उन्हाळ्यात बंद पडली. तीन खेड्यांचा जीओजी बुडून परत आला आणि राजधानीचा क्लब गेला तो गेलाच.

शॉर्टकटचं अजून मोठं उदाहरण कतार. २०१५ चा वर्ल्ड कप त्यांनी भरवला आणि सिल्व्हरही घेतलं, युरोपच्या बाहेरच्या देशाला मिळालेलं पहिलं वर्ल्ड कप मेडल. टीम कुणाची, तर बाल्कनमधले, क्यूबातले खेळाडू, कोच स्पेनला २०१३ ला वर्ल्ड कप जिंकून दिलेला. हँडबॉलच्या नियमात तीन वर्षं जुन्या देशाकडून खेळला नाही तर नव्या देशाकडून खेळता येत होतं, त्यामुळं कायद्यानं सगळं बरोबर. पण आशियाच्या हँडबॉलवर त्याचा परिणाम असा की इथं सगळ्यांना वाटायला लागलं पैसा टाकला की होतं. आशियात अजून एक भानगड अशी होती की पंचगिरीच संशयाची, २००७ ला बीजिंग ऑलिंपिकच्या पात्रता मॅच इतक्या एकतर्फी शिट्ट्यांनी झाल्या की आंतरराष्ट्रीय फेडरेशनला त्या २००८ च्या जानेवारीत टोकियोला परत खेळवाव्या लागल्या, आणि मग कोरिया बीजिंगला गेला. कोरियाचं नाव आवर्जून घेतो, १९८८ ला सोलला त्यांच्या पुरुषांनी ऑलिंपिक सिल्व्हर घेतलं होतं, विकत घेतलेल्या एकाही खेळाडूशिवाय. आपल्याकडच्या मुलींनी २०२२ ला अल्माटीला आशियाई ज्युनियर चॅम्पियनशिप जिंकली, शेवटच्या मॅचला थायलंडला ४१-१८ असं धुतलं. मुलांचं तसं काही नाही. मुलींच्या या टीमबद्दल मराठी पेपरात किती ओळी आल्या ते शोधून बघा, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

आता कुणी म्हणेल तिकडं तर उलटी बोंब आहे, स्पर्धा जास्त झाल्यात. बरोबर आहे. एका जानेवारीला वर्ल्ड कप, पुढच्या जानेवारीला युरो, चार वर्षांनी ऑलिंपिक, मधे क्लबची लीग, कप, चॅम्पियन्स लीग. वर्ल्ड कप २४ टीमवरून २०२१ ला ३२ वर नेला, फायनलला जाणारा वीस दिवसांत नऊ मॅच खेळतो, आणि ही धक्काबुक्की आहे, क्रिकेट नाही. मिकेल हान्सनसारखा माणूस २०२३ ला ताणामुळं सुट्टीवर गेला, खेळाडू संघटना किती वर्षं ओरडतायत पण तिकिटं विकली जातात तोवर ऐकतो कोण, २०२४ च्या युरोच्या पहिल्या दिवशी ड्युसेलडॉर्फला ५३,५८६ लोक हँडबॉल बघायला आले होते. म्हणजे जगात गिडसेल जास्त खेळून मरायला लागलाय आणि आमचा पाथरीचा गोलकीपर न खेळून. दोन्हीकडं ठरवणारा खेळाडू नाही, टेबलामागं बसलेला माणूस आहे. तिकडं त्याला तिकीट विकायचं असतं, इकडं त्याला अहवालात स्पर्धा संपन्न झाली एवढं लिहायचं असतं, आणि तीन दिवसांची नॉक-आउट संपन्न व्हायला फार सोपी असते.

मला एक जण म्हणाला, "सर, हँडबॉलच कशाला करायलेत, आपलं खो-खो, कुस्ती चांगलं चालायलंय की." चालतंय, मान्य. धाराशिवनं खो-खोला अर्जुन पुरस्कार विजेती सारिका काळे दिली, बीडच्या पाटोद्यानं राहुल आवारे दिला, आष्टीच्या मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिंपिकच्या स्टीपलचेस फायनलमधे पळाला. पण साबळेचं नाव घेताना हे पण सांगा की तो धावपटू म्हणून घडला सैन्यात गेल्यावर, तिथं रोज सराव होता, खाणं होतं, पगार होता आणि पुढची रेस कधी आहे हे माहीत होतं. एकट्याचा खेळ असा एखादा माणूस उचलून बाहेर नेऊन घडवता येतो. टीम गेम नाही येत. पिव्होट, म्हणजे समोरच्या डिफेन्समधे घुसून उभा राहणारा, आणि बॅक यांचं जमायला दोघांनी शंभर मॅच सोबत धक्के खावे लागतात, त्यातला एक सैन्यात आणि एक पुण्याला कुरिअर कंपनीत गेला तर काय घडणार. खो-खोलाही हीच लीग लावा, माझी काही हरकत नाही, हँडबॉलवर लिहिलं कारण मला तोच येतो.

सगळ्यात मोठी अडचण पैशाची येणार नाही, रविवारची येणार आहे. लातूर, नांदेड, संभाजीनगर, आता तर तालुक्यालाही, रविवारी क्लासच्या टेस्ट असतात. आईबाप टेस्ट बुडवून पोराला जिंतूरला हँडबॉल खेळायला पाठवतील का? बहुतेक नाही पाठवणार आणि मी त्यांना दोष देणार नाही, नीटला ग्रेस मार्क चालत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी येणार ती पोरं जी क्लासला जात नाहीत, आयटीआयची, आर्ट्सची, भरतीची तयारी करणारी, वीस-बावीसची. येऊ द्या, उलट वय वीसच्या पुढची पोरं खेळत राहिली तर चौदावाल्यांना बघायला तरी कुणी मिळेल. क्रीडा कार्यालय सर्टिफिकेटचा नियम लगेच बदलणार नाही, त्याला शासन निर्णय लागतो, फाइल मुंबईला जाते. पण लीग सुरू करायला फाइल लागत नाही. परभणी आणि हिंगोलीतल्या शाळा-कॉलेजच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत एकमेकांना फोन करावेत, आठ टीम नाही जमल्या तर पाच घ्या, पाच टीमच्या एकेरी राउंडला दहाच मॅच होतात, दोन रविवारात उरकतं. आठ जमेपर्यंत थांबलात तर ऑगस्ट येईल, पत्रक येईल आणि परत नॉक-आउटचा ड्रॉ निघेल.